टिंबूचा साखरेचा डगला

एक होतं करवंद. आता नाही.

ते बकुळने खाल्लं. आधी चावलं. मग आत बघितलं. आत लाल निघालं. करवंद आत पांढरं असलं तर कोंबडी, लाल असलं तर कोंबडा. "कोंबडा," बकुळ म्हणाली. आणि कोंबडा गिळून टाकला. गटक्.

त्या करवंदात राहायचा टिंबू. एवढासा. मुंगीच्या डोळ्यात मावेल एवढासा. रंगाने जांभळा. अंगात साखरेचा डगला. घर फुटलं, टिंबू उरला. तोही बकुळच्या पोटात.

पोटात अंधार. पोटात गरमगरम. टिंबू निघाला. डुबुक डुबुक. डुबुक डुबुक.

मागून कोणीतरी आलं. जाड. तपकिरी. सावकाश. ती होती शीताई.

"पुढे सरका," शीताई म्हणाली. "बकुळ भांड्यावर बसली की मी निघणार. आत जे राहील ते माझ्याबरोबर."

टिंबूला भांड्यात जायचं नव्हतं. त्याला लाल नदीत जायचं होतं. लाल नदी म्हणजे बकुळचं रक्त. ती भिंतीपलीकडे वाहते. नाकाच्या शेंड्यापासून पायाच्या करंगळीपर्यंत. टिंबूला सगळी बकुळ बघायची होती.

भिंतीला होतं एक दार. चिमुकलं. दारात दारमावशी. टिंबू म्हणाला, मावशी, पलीकडे सोड.

दारमावशीने त्याला वरून बघितलं. खालून बघितलं.

"एवढा डगला घालून? मावशील का? आधी डगला काढ. मग दार उघडते."

टिंबूने डगला ओढला. निघेना. पुन्हा ओढला. निघेना. डगल्याला बटणंच नव्हती.

टिंबू निघाला. डुबुक डुबुक. डुबुक डुबुक.

पुढच्या वळणावर राहायचे गुडगुडे. गुडगुडे म्हणजे पोटातले जंतू. चांगले असतात. पण रीत म्हणून नाही. सगळे उघडेनागडे. खातात, पादतात, हसतात. पुंई.

टिंबू म्हणाला,

"डगला निघेना.
दार उघडेना.
शीताई थांबेना.
गुडगुड्यांनो, डगला काढा ना."

गुडगुडे म्हणाले, "नाही काढत, जा."

त्यांना भूक लागली होती. काल बकुळने नुसती बिस्किटं खाल्ली. बिस्किटं वरच्यावर संपली. खाली एक कण आला नाही.

"आधी भाकरी आण. मग डगला काढतो."

भाकरी कुठे? भाकरी वर, ताटात. वर कसं जायचं? गुडगुड्यांनी एक मोठा बुडबुडा सोडला. टिंबू त्यावर बसला. वर. वर. आणखी वर.

ढेऽऽब.

बकुळने ढेकर दिली. टिंबू जिभेवर येऊन पडला. जीभ आधीच जांभळी. कोणाला काही कळलं नाही.

ताटात होती नाचणीची भाकरी. काळी, गोल आणि जरा तोऱ्यात. टिंबू दातांच्या फटीतून म्हणाला,

"गुडगुडे हलेनात.
डगला निघेना.
दार उघडेना.
शीताई थांबेना.
भाकरीबाई, आत ये ना."

भाकरी म्हणाली, "मी कशी येऊ? मला पाय आहेत का? आधी बकुळला आ करायला सांग. मग येते."

टिंबू निघाला. डुबुक डुबुक. जिभेच्या मागे गेला. तिथून आतूनच बकुळच्या कानात ओरडला,

"भाकरी येईना.
गुडगुडे हलेनात.
डगला निघेना.
दार उघडेना.
शीताई थांबेना.
बकुळ, बकुळ, आ कर ना."

बकुळने ओठ घट्ट मिटले.

समोर बसली होती काकू. काकू घरात नवीन. हातात भाकरीचा घास. मघापासून ती म्हणत होती, हा घास काऊचा. हा घास चिऊचा. हा घास गाईचा. बकुळ मान हलवत होती. नाही. नाही. नाही.

कारण बकुळला एक गोष्ट कळली होती. घास काऊचा, पण खायचा बकुळने. घास चिऊचा, तोही बकुळने. गाय तर अंगणात उभी होती. तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

बकुळ टिंबूला म्हणाली, "ज्याच्या नावाचा घास, त्याने तो खायचा. आधी काकूला खरं नाव घ्यायला सांग. मग आ करते."

टिंबू काकूकडे ओरडला. पण आवाज एवढासा. काकूला ऐकूच गेला नाही. आणि खाली शीताई निघायच्या तयारीला लागली. बकुळ पाटावर चुळबुळली. डावीकडे. उजवीकडे.

मग बकुळनेच काकूला सांगितलं. टिंबूचं सगळं. जसंच्या तसं.

"बकुळ खाईना.
भाकरी येईना.
गुडगुडे हलेनात.
डगला निघेना.
दार उघडेना.
शीताई थांबेना.
काकू, काकू, खरं नाव घे ना."

बोलायला बकुळचं तोंड उघडलं होतं. चांगलं सात वेळा उघडलं होतं. काकूला घास आत सारता आला असता. काकूने सारला नाही. तिने ऐकून घेतलं. मग बकुळच्या पोटाला कान लावला.

गुर्रर्र. गुडगुड. पुंई.

"भाकरी कोण खातं म्हणालीस?" काकूने विचारलं.

"गुडगुडे."

"मग हा घास गुडगुड्यांचा. तू फक्त खाली पोचव."

बकुळने विचार केला. हे बरोबर होतं.

बकुळने आ केला.

भाकरी आत आली. टिंबू तिच्या पाठीवर बसला. सुईंऽऽ. खाली. खाली. आणखी खाली.

गुडगुडे भाकरी जेवले. पोटभर जेवले. पुंई. पुंई. पुंई.

मग त्यांनी डगल्याला हात घातला. टरकन डगला निघाला. साखर खाल्ली. एवढ्यावर थांबतील तर ते गुडगुडे कसले. त्यांनी टिंबूलाही कुरतडलं. इकडून थोडं. तिकडून थोडं. टिंबूने खाली बघितलं. जांभळा रंग गेला होता.

टिंबूला रडू आलं. पण मागे शीताई आली होती. अगदी मागे. रडायला वेळ नव्हता. टिंबू पळाला. डुबुकडुबुकडुबुक.

दारमावशीने डोळे बारीक केले.

"तू तो मघाचा जांभळा ना?"

"होतो."

"आणि आता?"

टिंबूने दाराकडे बघितलं. मग स्वतःकडे.

"आता मावतो."

दार उघडलं. टिंबू पलीकडे. शीताई दारावरून पुढे गेली. कोणी राहिलंय का, तिने विचारलं. कोणीच नव्हतं. ती एकटीच निघाली. टप्प.

टिंबू लाल नदीत पडला. नदी निघाली. झुळुझुळु झुळुझुळु. त्याने नाक बघितलं. नाकात शेंबूड होता. तिथे तो थांबला नाही. कान बघितला. कोपर बघितलं. गुडघा बघितला. शेवटी आली पायाची करंगळी. ऊबदार. छोटी. टिंबूच्या मापाची.

भांड्यावर बसल्याबसल्या बकुळची करंगळी हलली.

"काकू, इथे कोणीतरी आलंय."

काकूने वाकून बघितलं. करंगळी नेहमीसारखीच होती. जरा मळलेली. तरी काकू तिला म्हणाली, या. बसा.

टिंबू गेला बोटात, गोष्ट गेली पोटात.