बोरखडीचा विळा आणि धुरपाईचे खडे

फार वर्षांपूर्वी, इतक्या वर्षांपूर्वी की माझ्या आजीच्या आजीनंही तिला पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं, बोरखडीत धुरपा नावाची सुईण होती. बोरखडी म्हणजे बालाघाटच्या डोंगरातलं चाळीस उंबऱ्यांचं गाव. धुरपाचे हात असे की आडवं आलेलं मूल ती पोटावरून हात फिरवून सरळ करायची. पोटातलं पोर तिच्या बोटांचं ऐकायचं, असं म्हणतात. बाहेर आलेल्या माणसांनी मात्र तिचं लवकर ऐकलं नाही, आणि गोष्ट खरी तीच आहे. गोष्ट गोड नाही, आधीच सांगते. ज्याला गोड हवं त्यानं गूळ खावा.

तर त्या गावात पाटलाच्या घरी एक विळा होता. मानाचा विळा. गाईंच्या गोठ्यात आढ्याला लाल फडक्यात गुंडाळून टांगलेला असायचा, आणि गावात कुणाच्याही घरी मूल झालं की नाळ कापायला तोच यायचा. गरिबाची असो की पाटलाची, नाळ एकाच विळ्यानं कापायची, याचा गावाला मोठा अभिमान. आणि त्या विळ्याची रीत अशी की तो कधी धुवायचा नाही. धुतला तर गावाच्या वंशाचा गुण धुऊन जातो म्हणे. नाळ कापली की शेणात पुसायचा आणि परत आढ्याला. वर नाळेवर गोठ्यातलीच राख दाबायची. अशी अक्कल, आणि तिचा असा मान.

मग व्हायचं काय? पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सटवी येऊन कपाळावर लिहून जायची, आणि सातव्या-आठव्या दिवशी चांगलं दूध ओढणारं मूल तोंड मिटून घ्यायचं. जबडा उघडेना, पाठ कमानीसारखी वाकायची, कुणी जवळून चाललं तरी अंगाला झटका बसायचा. एका दिवसात खेळ खलास. लोक म्हणायचे, सटवीनं लिहिलं तेवढंच होतं. आणि बारशाआधी गेलेल्या मुलाला रडायचं नाही, त्याचं नाव काढायचं नाही, त्याला मोजायचं नाही, अशी रीत. आईनंसुद्धा नाही. अंगातून दूध गळत असायचं आणि बाई भाकरी थापत असायची.

धुरपानंही तीस वर्षं हेच केलं. मग तिच्याच लेकीचं पहिलं बाळंतपण तिच्या हातांनी झालं, आणि आठव्या दिवशी नातू गेला. धुरपा उठली आणि कोतवालाकडे गेली. गावात कोण जन्मलं, कोण मेलं याची वही त्याच्याकडे असायची. म्हणाली, माझा नातू गेला, लिहून घे. कोतवालानं विचारलं, नाव काय? नाव कुठून असणार, बारसंच झालं नव्हतं. कोतवाल म्हणाला, नाव नाही तर नोंद नाही, बाई. जे जन्मलं म्हणून लिहिलं नाही ते मेलं म्हणून कसं लिहू?

तिथून धुरपा थेट नदीवर गेली. तिनं एक काळा खडा उचलला आणि घरी आणून गाडग्यात टाकला. त्या दिवसापासून बारशापर्यंत पोचलेल्या मुलामागे एक पांढरा खडा आणि न पोचलेल्यामागे एक काळा. कोतवालाच्या वहीत जागा नव्हती, गाडग्यात भरपूर होती. सात वर्षं ती खडे टाकत राहिली. संताप तिच्या पोटात असा मुरला की तिनं शिजवलेलं वरण तिखट न घालता तिखट लागायचं, असं म्हणतात.

दरवर्षी दिवाळी झाली की गावाबाहेर वडाखाली घिसाडी पालं टाकायचे. घिसाडी म्हणजे फिरते लोहार. फाळ, खुरपी, अडकित्ते करून द्यायचे आणि होळीनंतर निघून जायचे. त्यांच्या बायकांची बाळंतपणंही धुरपाच करायची. पण परक्यांच्या नाळेला गावाचा मानाचा विळा कोण देणार? तिथे घिसाडी भट्टीतून लाल झालेली सुरी काढायचा, उकळत्या पाण्यात बुचकळायचा आणि तिच्या हातात द्यायचा. पालावरच्या पोरांसाठी धुरपानं वेगळं गाडगं ठेवलं होतं.

एका माघात तिनं दोन्ही गाडगी अंगणात ओतली आणि खडे मोजले. गावाच्या गाडग्यात काळे एकसष्ट. पालाच्या गाडग्यात खडे चौदा, सगळे पांढरे.

ती दिवसभर त्या खड्यांसमोर बसून राहिली. हात तेच, पाणी त्याच नदीचं. तिकडे तर वर छप्परही नाही, खाली गादी नाही. मग ती एकटीच मोठ्यानं म्हणाली, "सटवीला पालाची वाट ठावं न्हाई व्हय?" आणि मग तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पुढचे तीन दिवस तिनं त्या हातांनी घास उचलला नाही, असं म्हणतात.

चौथ्या दिवशी पाटलाच्या घरून बोलावणं आलं. पाटलाची सून हौसा अडली होती. हौसाची आधीची दोन्ही मुलं आठव्याला गेली होती, हे तिसरं. धुरपा काळे खडे तेवढे गाडग्यात भरून ते कडेवर घेऊन गेली. भर दुपार होती. आत हौसा कळा देत होती, आणि तिची सासू बयजाबाई लाल फडकं सोडून विळा तयार ठेवून बसली होती. त्या विळ्याची राखण घरात तिच्याकडेच होती. धुरपा म्हणाली, हा विळा आधी घिसाड्याच्या भट्टीत घाला, नाहीतर मी नाळेला हात लावणार नाही. बयजाबाईला वाटलं बाईचं डोकं फिरलं.

बाहेर रावजी पाटील संतापले. दुसरी सुईण आणा म्हणाले. तेव्हा धुरपानं बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यावर गाडगं ठेवलं आणि म्हणाली, हे उचला आणि खुशाल दुसरीला आत घ्या. एक गडी आला, मग चार आले, मग आठ. गाडगं तसूभर हललं नाही. आठ जणांच्या पाठी मोडायची वेळ आली, असं म्हणतात. मला विचाराल तर त्यात नवल काही नाही. एकसष्ट पोरं होती त्यात.

पाटील म्हणाले, "इतकी वरसं ह्याच विळ्यानं कापत आलीस ना? मग तूच मारलीस म्हण की."

धुरपा म्हणाली, "व्हय पाटील. म्याच मारली, ह्याच हातानं. पर मला ठावं नव्हतं. तुमाला आता ठावं झालंय."

पाटील तरीही हो म्हणाले नाहीत. मान मोठा होता ना. पोराहून मोठा, सुनेहून मोठा. अशी माणसं तेव्हा होती असं म्हणतात. तेव्हा, म्हणे!

हौसानं आतून सांगितलं की विळा भट्टीतून आल्याशिवाय मी पोर बाहेर येऊ देणार नाही. आणि तिनं कळ रोखून धरली. ऊन भिंतीवरून सरकत गेलं तरी तिनं धरूनच ठेवली, असं म्हणतात. कळ रोखता येत नाही हे मलाही कळतं, चार वेळा बाळंतीण झालेली आहे मी. पण दोन मुलं मुकाट पुरून आलेली बाई काय काय रोखू शकते, ते ज्यानं पाहिलं नाही त्यानं बोलू नये.

बयजाबाई इतका वेळ उंबऱ्यावरच्या गाडग्याकडे बघत होती. तिनं हात घालून खडे चाचपले. विचारलं, यात हौसाचे कुठले? धुरपानं दोन काढून दाखवले. मग बयजाबाई हळूच म्हणाली, "आन् माझे चार?"

"तुमचे न्हाईत त्यात, वैनी," धुरपा म्हणाली. "तवा म्या मोजतच नव्हते."

बयजाबाई उठली. आठ गड्यांना न हललेलं गाडगं तिनं एका हातानं उचलून बाजूला ठेवलं, दुसऱ्या हातात उघडा विळा घेतला, आणि पाटलाच्या घरची बाई भर दिवसा डोक्यावरचा पदर पडलेला असताना चालत घिसाड्यांच्या पालावर गेली. तिला अडवायची छाती कुणाची झाली नाही. तिनं विळा स्वतः भट्टीत घातला. विळा तापून लाल झाला आणि रडायला लागला. नुकतं जन्मलेलं मूल रडतं तसा. घिसाडीण मोजत होती. एकसष्ट वेळा रडला. मग आणखी चार वेळा, आणि ते चार आवाज बयजाबाईनं ओळखले. तिथेही तो थांबला नाही. तिच्या सासूची, सासूच्या सासूची, गावाच्या साऱ्या जुन्या आयांची पोरं त्यातून रडत राहिली. गाव पालाभोवती उभं राहून ऐकत होतं, आणि कानावर हात ठेवायची कुणाला सोय नव्हती. असं म्हणतात.

विळा उकळत्या पाण्यातून निघून परत आला तेव्हा हौसानं मूल सोडलं. मुलगी झाली. धुरपानं विळा हातात घेतला, पण कापीना. म्हणाली, "आधी नाव ठिवा. नाव असलेलं पोर मेलं तर कुणाला तरी जबाब द्यावा लागतो." बारसं नाही, पाळणा नाही, आत्या नाही, बयजाबाईनं अंगणातूनच हाक मारल्यासारखं ओरडून नाव ठेवलं, तुळसा. मग नाळ कापली. राख लावली नाही. आठवा दिवस आला आणि तुळसा दूध पीत राहिली. ती नव्वद वर्षं जगली, असं म्हणतात. कोतवालानं तिचं नाव पहिल्याच दिवशी लिहिलं, कारण बयजाबाई वहीजवळ बसून राहिली होती.

धुरपा मात्र त्यानंतर कधी हसली नाही. लोक पाया पडायला आले तर हाकलून लावायची. पाया पडू नका, मोजा, म्हणायची. ती गेली तेव्हा ते गाडगं गावाच्या पारावर मांडलं. ते अजून तिथे आहे.

बोरखडीत आजही मूल जन्मलं की आधी नाव पुकारतात, मग नाळ कापतात. आता दवाखान्यातली नर्स कापते, तीही नाव ऐकेपर्यंत थांबते. बाराव्या दिवशी आई पारावर जाऊन पांढरा खडा टाकते. आणि काळा खडा टाकायची वेळ आली तर तो आई टाकत नाही. सारं गाव पारावर बसतं, आणि हे का झालं त्याचं उत्तर मिळेपर्यंत गावात चूल पेटत नाही. सटवीनं लिहिलं, हे उत्तर तिथे चालत नाही.

गेल्या भादव्यात शेवंता नावाच्या पोरीचं मूल गेलं. नाव ठेवलं होतं, राघू. गाव बसलं. उत्तर निघालं ते असं की आरोग्य उपकेंद्राला कुलूप होतं, आणि दवाखान्याची गाडी मागवली तर तालुक्याचे साहेब म्हणाले होते, रस्ता नाही तिथे गाडी पाठवायचा नियम नाही. मग राघूचा काळा खडा गाडग्यात टाकला नाही. बायका तो घेऊन एकवीस मैल चालत तालुक्याला गेल्या आणि साहेबांच्या टेबलावर, कागदांच्या वर, ठेवून आल्या.

साहेबांनी शिपायाला तो उचलायला सांगितला. एक शिपाई आला, मग चार आले. खडा अजून तिथेच आहे.