सगुणेसाठी तीन पाने

एका राज्यात, जिथले डोंगर राजाला विचारून सावली पाडत आणि साळुंक्या माणसांहून शुद्ध बोलत, नारोपंत नावाचा दरबारी बखरकार राहत होता. त्याच्या बखरीत सारे एकाच सुरात बोलत. राजा म्हणे, ‘हे वीरा, धन्य तू!’ वीर म्हणे, ‘हे राजन्, धन्य आपण!’ मरता वाघसुद्धा दोन अलंकार वापरूनच प्राण सोडी.

बखरीतला धूम्रकेश जादूगारही तसाच बोलला. खऱ्या धूम्रकेशाने ते वाचले आणि संतापून नारोपंताच्या बायकोची, सगुणेची, पाषाणमूर्ती केली. मग तीन कोरी पाने पुढे टाकली.

"हिचं बोलणं लिही आणि वाचून दाखव. ओळख पटून ही बोलली, तर तुझी. तिन्ही पानं फुकट गेली, तर कायमची दगड."

नारोपंताने लिहिले, ‘प्राणनाथ, भोजन सिद्ध आहे.’ मूर्ती ढिम्म. पान जळून गेले. दरबारातली शिंकसुद्धा टिपणारा हा गृहस्थ घरी आला की कानांना सुट्टी देत असे. आपली बायको बोलते कशी, हेच त्याला आठवेना.

त्याने ओसरीवरच्या साळुंकीला हात जोडले. "बाई, तू रोज ऐकलंस. सांग."

साळुंकीने सारे सांगितले. ‘अगं बाई’, ‘मीठ कुठं गेलं’, मांजरीला घातलेल्या शिव्या. नारोपंताने एक ‘हं’देखील गाळला नाही. दुसरे पान वाचताना त्याला स्वतःलाच जांभई आली. तेही जळाले.

"सगळं खरं होतं ना?" तो रडवेला झाला.

"होतं की. पण ती काय बोलली, तेवढं मला ठाऊक. का बोलली, ते तू आठव. तुझ्याशी बोलत होती ती."

नारोपंत मूर्तीच्या पायाशी बसला. दरबार लांबला की सगुणा उपाशी दारात उभी असे. वाट पाहिली, असे मात्र तिने कधी म्हटले नाही. त्याने तिसरे पान लिहिले आणि वाचून दाखवले.

‘आलात? पाय धुवा. भात निवला.’

‘तू जेवलीस?’

‘मला कुठं भूक होती!’

‘उशीर झाला. क्षमा कर.’

मूर्तीची भुवई हलली.

"क्षमा? तुम्ही? अहो, ‘लोणचं वाढ’ म्हणायचात!"

आणि दगड कोंड्यासारखा गळून पडला.

नारोपंताने डोळे पुसले. "खरं आहे. तेव्हा नाही म्हणालो. आज म्हणतो."

"मग कागदाला काय सांगता? मला सांगा."

त्याने सांगितले. मग धूम्रकेशाला साष्टांग नमस्कार घातला. शापाबद्दल आभार घ्यायची जादूगाराला सवय नव्हती. तो जाताना उंबऱ्याला अडखळला.

बखर नव्याने लिहिली गेली. राजा दोन दिवस रुसला. "हुबेहूब तुम्हीच!" असे राणी म्हणाली, तेव्हा हसला. लिहिलेले पान नारोपंत आता आधी सगुणेला वाचून दाखवी आणि ती मध्येच तोडून बोलली की मनोमन देवाचे आभार मानी.

त्याला त्याचे माणूस बोलते मिळाले, तसे ऐकणाऱ्यालाही मिळो.