लाटण्याच्या टेकूचं दार

कोल्हापूरच्या उद्यमनगरात सदबा मिस्त्रीला एकदा हौस आली आणि त्यानं आपल्या जुन्या दोनदारी स्पोर्ट्स गाडीला पंखांसारखी वर उघडणारी दारं बसवली. पहिल्याच दिवशी एका दारानं गॅरेजचा पत्रा फाडला. पुढं दारं वर जायची, पण टिकायची नाहीत. मग सदबा बायकोच्या लाटण्याचा टेकू द्यायचा. "पंख कोंबडीलापण असतात," तो स्वतःच सांगायचा.

एका लग्नात पतसंस्थेचे चेअरमन आबासाहेब ते लाटणं बघून चारचौघांत हसले. "सदबा, भारी गाडीचं दार धरायला माणूस लागतो. लाटणं नव्हे."

"खरं हाय साहेब. आपली ऐपत न्हाई."

जेवणं उरकत आली. आबासाहेबांना दुसऱ्या लग्नाच्या अक्षता गाठायच्या होत्या आणि सदबाची गाडी नेमकी त्यांच्या गाडीला आडवी. त्यांचा ड्रायव्हर अजून शेवटच्या पंगतीत जिलेबी मागत होता.

"गाडी काढ लवकर."

"काढतो की. पर लाटणं बायकोनं मांडवामागं पुऱ्यांना नेलंय. तेवढं दार धरता?"

आबासाहेबांनी दोन्ही हातांनी दार डोक्यावर तोललं. सदबा सावकाश बसला, आरसा नीट केला आणि डोकं बाहेर काढून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहेबांचा शब्द म्हंजे शब्द. सकाळी म्हणाले माणूस लागतो, दुपारी स्वतः उभे ऱ्हायले."

मंडप हसला. आबासाहेबांनी रागानं हात सोडले आणि दार सदबाच्याच टाळक्यावर आदळलं.

घरी बायकोनं टेंगूळ बघून विचारलं, "हे काय?"

"काही न्हाई," सदबा म्हणाला. "आज आपलं दार चेअरमननं लावलं."