ठिपकीचा चेंडू आणि डुगडुगती फळी

ओढ्याकाठच्या घरात हौसामावशीजवळ ठिपकी राहायची. ठिपकी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. एवढंसं. तिचा एक चेंडू होता. लाल चिंध्यांचा.

एकदा काय झालं, चेंडू सुटला. गडगड गडगड गेला. ओढ्यावर फळी होती, तिच्यावरून थेट पलीकडे गेला.

ठिपकी धावली तुरूतुरू. पुढचे पाय फळीवर ठेवले. मागचे पाय मागेच राहिले. फळी हलली, डुग डुग डुग. खाली पाणी काळं काळं. ठिपकी घाबरली. शेपूट गेली पोटाखाली. ती मागे पळाली.

मग म्हणाली, "फळीताई, फळीताई, हलू नको. माझा चेंडू पलीकडे. मला भीती वाटते."

फळी म्हणाली, "माझ्याखाली दगड नाही. दगड आला तर हलणार नाही."

ठिपकी दगडाकडे गेली, तुरूतुरू.

"दगडदादा, दगडदादा, फळीखाली ये. फळी डुगडुगते, माझा चेंडू पलीकडे. मला भीती वाटते."

दगड म्हणाला, "मी चिखलात रुतलोय. म्हशीनं लोटलं तर येईन."

ठिपकी म्हशीकडे गेली, तुरूतुरू. म्हैस केवढी मोठी. शिंगं केवढी मोठी. ठिपकी लांबूनच बोलली.

"म्हशीबाई, म्हशीबाई, दगड लोट. दगड येत नाही, फळी डुगडुगते, माझा चेंडू पलीकडे. मला भीती वाटते."

म्हैस म्हणाली, "पाण्यातून उठले की माशा चावतात. बगळ्यानं माशा टिपल्या तर उठेन."

ठिपकी बगळ्याकडे गेली, तुरूतुरू.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, माशा टिप. म्हैस उठत नाही, दगड येत नाही, फळी डुगडुगते, माझा चेंडू पलीकडे. मला भीती वाटते."

बगळा झाडाआड दडला होता. तो हळूच म्हणाला, "दोरीवरची साडी बघ. फडफड करते. मला धरेल ती. हौसामावशीनं साडी काढली तर येईन."

ठिपकी घरी आली, तुरूतुरू. मावशी ओट्यावर बसली होती.

"हौसामावशी, हौसामावशी, साडी काढ. बगळा येत नाही, म्हैस उठत नाही, दगड येत नाही, फळी डुगडुगते, माझा चेंडू पलीकडे. मला भीती वाटते."

मावशी म्हणाली, "दोरीखाली काटे पडलेत गं. एकच चप्पल पायात आहे. दुसरी भिंतीच्या टोकाला वाळतेय. तू आणलीस तर काढीन."

ओट्यापासून भिंत निघाली होती. बुटकी, पण अरुंद. एका विटेएवढी. दोन्हीकडे काटेच काटे. ठिपकीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आता विचारायला कुणीच उरलं नव्हतं.

मावशी म्हणाली, "सावकाश जा. मागच्या पायांना विसरू नकोस."

ठिपकी भिंतीवर गेली. एक पाय. दुसरा पाय. तिसरा पाय. चौथा पाय. वारा आला. ठिपकी कलली इकडे, शेपूट गेली तिकडे. सावरली.

टोकाला चप्पल होती. ती तिनं तोंडात धरली. पण वळायला जागाच नाही. ठिपकीला रडू आलं. किती वेळ ती तशीच उभी राहिली.

मग तिनं मागचा एक पाय मागे टाकला. चाचपून पाहिलं. भिंत लागली. मग दुसरा टाकला. भिंत लागली. मागे मागे, मागे मागे, ती मावशीच्या मांडीवर येऊन टेकली.

मावशीनं चप्पल घातली, साडी काढली.
बगळा आला, माशा टिपल्या. टिप टिप टिप.
म्हैस उठली, दगड लोटला.
दगड फळीखाली बसला. घट्ट.
फळी हलायची थांबली.

ठिपकी फळीपाशी आली. पाणी अजून काळंच होतं. भीती अजून वाटतच होती. पण मागचे पाय कुठे आहेत, ते तिला आता ठाऊक होतं.

एक पाय. दुसरा पाय. तिसरा पाय. चौथा पाय. खाली खळखळ, वर ठिपकी. चालली, चालली, आणि पोचली. चेंडू तोंडात धरला, तशीच परत आली.

चेंडू ठिपकीच्या कुशीत, ठिपकी मावशीच्या कुशीत, आणि गोष्ट ऐकणारं बाळ कुणाच्या कुशीत?