वानरं, वायर आणि महाराजांचा डाव

"गेलं! मेलं पुन्हा गेलं!"

चिंचगडच्या अजिंक्यराव महाराजांनी मोबाइल गादीवर असा आपटला की शेजारी बसलेल्या दिवाणजींची पगडी कानावर आली. नेट गेलं होतं! तेही रोजच्यासारखं संध्याकाळी सातला, बुद्धिबळाचा डाव ऐन रंगात आलेला असताना!

आता गडावर महाराजांशी खेळायला माणसं नव्हती असं नाही. पण महाराजांना हरवायची छाती कुणाची? दिवाणजी तर दहाव्या चालीला स्वतःचा राजा स्वतःच आडवा करायचे. म्हणून महाराज मोबाइलवर खेळायचे. तिथे 'कालची पोर' असं नाव लावणारं कुणीतरी रोज भेटायचं आणि महाराजांच्या नाकी नऊ आणायचं.

"हैबतीला बोलवा!"

हैबती म्हणजे गडाचा वायरमन. हातात पक्कड घेऊन बिचारा धावत आला. मागून शिडी सावरत त्याची लेक केशर आली.

"महाराज, वानरं हो! तिन्हीसांजेला चिंचेवर झोपायला येतात आणि आधी वायरीला झोके घेतात. मी जोडतो, ती तोडतात!"

"ते मला सांगू नकोस! उद्या नेट गेलं तर जाऊ दे, पण माझा डाव थांबता कामा नये! थांबला तर परवा बिऱ्हाड उचलायचं आणि गड उतरायचा!"

"पण नेटशिवाय डाव चालणार कसा, महाराज?"

"वायरमन तू आहेस की मी?"

हैबतीचा चेहरा उतरला. बारा वर्षांचं बिऱ्हाड, दारातली शेळी, केशरची शाळा, सगळं परवा पाठीवर घेऊन जायचं कुठे? पण केशर मोठी धीट!

"महाराज, एक विचारू? नेट गेल्यावर डाव जिंकतं कोण?"

"कुणीच नाही, तीच तर बोंब आहे! एकाचं नेट गेलं तर दुसरा जिंकला, असा नियम. पण इथे नेट परत आलं की पाटी झळकते, 'दोघांचंही नेट गेलं, डाव रद्द!'"

"रोज?"

"रोज म्हणजे रोज!"

केशर चमकली. दोघांचंही? रोज? आणि एकाच वेळी? घरी जाताना तिने विचारलं, "आबा, ही वायर जाते कुठे कुठे?"

"राजवाड्यात. बाकी कुठे नाही. गावाची लाइन वेगळी."

"मग ही कालची पोर राजवाड्यातच बसलीय की!"

"गप गं! महाराजांना रोज घाम फोडायचा आणि राजवाड्यात राहायचं? जीव जड झालाय होय कुणाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरने आबांना खांबावर चढवलं. "मी शीळ घातली की वायर काढायची!" असं बजावून ती राजवाड्यात शिरली आणि मधल्या चौकात उभं राहून तिने शीळ घातली. नेट गेलं! मुदपाकखान्यात पोळ्या लाटणं चालूच राहिलं. पहारेकऱ्यांच्या जांभया चालूच राहिल्या. आणि देवघराच्या बंद दारामागून आवाज आला,

"अरे मेल्या वायरमना, वजीर पडत होता की रे!"

देवघरात? तिथे तर महाराजांच्या आईसाहेब सकाळ-संध्याकाळ जपाला बसायच्या! त्या वेळी दाराबाहेर खोकायलासुद्धा बंदी होती. केशरने दार हळूच लोटलं. ऐंशी वर्षांच्या आईसाहेब पाटावर बसलेल्या, आणि जपमाळ झाकायच्या गोमुखीतून निळा उजेड येत होता!

"पोरी, बाहेर बोललीस तर बघ!"

"मी कशाला बोलू? संध्याकाळी तुम्हीच बोला ना, आईसाहेब!"

"आणि नाही बोलले तर?"

"तर माझे आबा गड उतरतील. मग तुटलेली वायर जोडणार कोण?"

आईसाहेब पांढऱ्याफटक पडल्या. "म्हणजे नेट...?"

"कायमचं!"

संध्याकाळ झाली. वानरं आली. वायर तुटली!

"हैबती!" महाराज गरजले. पण आला तो पट! केशरने महाराजांच्या मोबाइलवर डाव गोठला होता तशा सगळ्या सोंगट्या भराभर मांडल्या.

"डाव थांबलेला नाही, महाराज. चाल तुमची!"

"अगं, पण खेळू कुणाशी? तुझ्या वानरांशी?"

"माझ्याशी!" दारातून आईसाहेब काठी टेकत आल्या आणि समोर बसल्या. "काल काय लिहिलंस रे मला? 'समोर ये, दात घशात घालीन'? चारच उरलेत, घाल!"

महाराज ताडकन उठून उभे राहिले. "आईसाहेब! आपण? आणि तो जप?"

"नाव घेतच खेळत होते मी. तुझंच! बस खाली आणि घोडा सांभाळ."

मग काय विचारता! आईसाहेब उंट हाणतात, महाराज मांडी ठोकतात, दिवाणजी पगडी काढून वारा घेतात! महाराजांना मायलेकरांचा असा डाव लहानपणीचा आठवत होता, त्यानंतर आजच. शेवटी आईसाहेबांनी हत्ती सरकवला. "शह! आणि मात!"

दिवाणजींनी डोळे घट्ट मिटून घेतले. महाराज हरले होते! पण महाराज पोट धरधरून हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग धाप लागता लागता केशरकडे वळले.

"डाव थांबला नाही, कबूल! पण पोरी, नेट गेलंय ते येणार कधी?"

"केव्हाच आलं, महाराज! आबांनी वायर जोडून पाऊण तास झाला. तुमचा मोबाइल लोडाखाली टिवटिव करतोय, कुणी ऐकेल तर ना!"

महाराजांना पुन्हा हसू फुटलं. "हैबतीला गडावर पक्कं घर! आणि केशर, तुला काय हवं ते माग!"

"चिंचेवर रोज डझनभर केळी ठेवा, महाराज. वायर त्यांनी तोडली म्हणून तर हे जमलं!"

"डझन?" आईसाहेबांनी सोंगट्या परत मांडायला घेतल्या होत्या. "अरे, चांगली दोन डझन ठेव! आणि त्यांना म्हणावं, उद्या जरा लवकर या!"