न पळणारा गोबरा

"आणि तो पळूक नाय?" पास्कूकाकांनी विचारलं.

"नाही ना! उलट लेन्सला नाक लावून उभा राहिला. अकरा मिनिटं!"

शलाका बेर्डे समुद्राखाली सिनेमे करायची. पाण्यात उतरायला तिला पास्कूकाकांनीच शिकवलं होतं. निवतीच्या समुद्रातल्या एका खडकावर तिनं तीन वर्षं घालवली, ती एका गोबऱ्यापायी. गोबरा म्हणजे खडकाच्या कपारीत राहणारा मासा. हा चांगला माणसाएवढा होता. सुरुवातीला तिची सावली पडली तरी तो कपारीत शिरायचा. आता हाक मारल्यासारखा बाहेर येई.

सांगताना तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. चढणारच. तीन वर्षं एका माशासाठी कोण थांबतं?

"लोक त्याच्या डोळ्यांत बघतील ना काका, तेव्हा त्यांना समुद्र वाचवावासा वाटेल. त्याचा माझ्यावर विश्वास बसलाय."

"तुझ्यार?"

"माझ्यावर."



काका म्हणाले, "फाल्यां माका दाखय."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी खडकाशी पोचली. वारा पडला होता. पाणी हिरवं, दाट. एक पाखरू नव्हतं कुठं. काकांनी होडीत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट आणलं होतं. शलाकानं विचारलं नाही.

पाठीवर हवेची टाकी घेऊन ती आधी उतरली. पाच पुरुष खोल गेली, कॅमेरा सुरू केला.

गोबरा दिसायच्या आधी त्याच्या पोटातून घुमणारा ठोका येतो. तो कानाला ऐकू येत नाही, छातीत बसतो. धम्म... मग कपारीच्या काळोखातून त्याचं तोंड बाहेर आलं.

तेवढ्यात वरून सावली पडली. सत्तरीचे काका एका दमात खाली येत होते. हातात मासे मारायचा भाला.

पळ, शलाका मनात म्हणाली. अरे, पळ...

गोबरा वळला आणि काकांकडे गेला. जसा तिच्याकडे यायचा तसाच, सावकाश. तेवढ्याच अंतरावर थांबला.

काकांनी भाल्याचं टोक त्याच्या दोन डोळ्यांच्या मधोमध टेकवलं.

गोबरा हलला नाही. कल्ले पसरून तो त्या टोकाकडे बघत राहिला. लेन्सकडे बघायचा तसा.

पुन्हा ठोका आला. धम्म...

पाण्याखाली ओरडता येत नाही. शलाकाची पाचावर धारण बसली.

काकांनी भाला उचलला आणि ते वर निघून गेले.

शलाका मागोमाग होडीत चढली.

"कॅमेरो बंद केलंस?"

"...नाही."

हे सांगताना तिला स्वतःचीच शिसारी आली.

"भालेवाले काल पलीकडच्या खडकार होते," काका म्हणाले. "आज नाय तर उद्या हयसर येतले."

"मी तक्रार करीन. सिनेमा लोकांसमोर आला की..."

"कर तक्रार. सिनेमो पण कर. तवसर तो गोबरो कोणाकडे जातलो?"



काकांनी भाला उलटा केला आणि दांड्याची बाजू तिच्यापुढे धरली.

"दांड्यान मार. त्याच्या नाकार. माणसांक भियांदे."

"काका, मला तीन वर्षं लागली!"

"म्हणान तूच मारूक व्हया."

"...आणि कॅमेरा?"

"तो हयसर ऱ्हवांदे."

कॅमेऱ्याशिवाय ती पहिल्यांदाच त्या खडकावर उतरली. ठोका आला. तोंड आलं. तिनं दांडा मारला.

तो हातभर मागे सरकला आणि पुन्हा जवळ आला.

तिनं पुन्हा मारला. तो पुन्हा आला.

तिसऱ्या फटक्यानंतर तो जागच्या जागी थांबला. पुढे येईना, मागे जाईना. नुसता बघत राहिला. चावला असता तर बरं, असं तिला वाटलं.

चौथा फटका तिनं डोळे मिटून मारला. सगळा जोर लावून.

डोळे उघडले तेव्हा समोर ढवळलेली वाळू होती. कपार काळी. ती थांबली... बराच वेळ थांबली. छातीत ठोका आला नाही. ऐकू येत होता तो तिचा स्वतःचा श्वास, आणि तो तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

वर येऊन तिनं मास्क फेकला आणि ती रडायला लागली.

"असा गेला, काका... जसा सुरुवातीला जायचा तसा. मला ओळखत होता हो तो! तीन वर्षं ओळखत होता!"

पास्कूकाका नांगराचा दोर ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"नाय गो चेडवा," ते म्हणाले. "आज वळाखल्यान."