मधलं ठाणं

"पण सर, न बघता जोडायचं म्हणजे डोळे मिटून सुईत दोरा ओवायचा का?"

भार्गवचा आवाज चढला होता. रेडकर सरांचं लक्ष मात्र गॅसवरच्या चहाकडे.

भार्गव त्यांचा लाडका शिष्य. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे घटकाभरही न विसरणारा. पुण्याचं टोक नागपूरच्या टोकाशी प्रकाशकणांनी बांधायचं होतं. पण तार लांब, कण वाटेतच हरवायचे. म्हणून मध्ये एक ठाणं, क्वांटम रिपीटर. दोन्हीकडून आलेले कण तिथे थांबवून एकमेकांत गुंफले, की दूरची टोकं जोडली जातात. कण थांबवणारी पेटी त्याच्या जोडीने काम करणाऱ्या केतकीची, ठाणं भार्गवचं.

आणि ठाणं काही केल्या चालत नव्हतं.

"पेटीतला कण टिकलाय का, ते तू बघतोस?"

"अगदी हळूच, सर. ओझरतं."

"मग?"

"...मोडतो."

"केतकी काय म्हणाली होती?"

"बघू नकोस, माझ्या पेटीवर भरवसा ठेव, म्हणाली. मी म्हटलं, भरवसा म्हणजे विज्ञान नव्हे."

झालं! तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. निरोप सगळे सरांकरवी. आता तर केतकी काम सोडून चालली होती. ती गेली की आपलं ठाणं म्हणजे नुसती रिकामी खोली, हे भार्गवला पक्कं ठाऊक होतं. पण कबूल कोण करणार?

"सर, तुम्हीच सांगा ना तिला. राहा म्हणावं."

तेवढ्यात दार वाजलं. केतकीच. सरांचा निरोप घ्यायला आलेली. भार्गवला बघून ती उंबऱ्यातच थबकली.

"ये गं बाळ, चहा झालाच."

सरांनी दोन कप भरले. एक तिच्यापुढे ठेवला, एक त्याच्यापुढे. आणि चपला पायात सरकवल्या.

"सर, कुठे निघालात?" भार्गव घाबरला. "तुम्ही मध्ये असलात तर..."

सरांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

आत कपांतल्या चहावर साय धरली...

"चुकलो गं," भार्गव शेवटी म्हणाला. "तुझ्या पेटीत पुन्हा नाही डोकावणार."

"शप्पथ?"

"शप्पथ."

केतकीला हसू आलं, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

तो धावतच बाहेर आला. सर दाराकडे पाठ करून पायरीवर शेंगा सोलत बसले होते.

"सर, राहतेय ती! काय झालं सांगू? आधी मी म्हटलं..."

सरांनी हात वर करून त्याला थांबवलं. डोळे मात्र त्यांचे भरून आले होते.

"ते तुमचं तुमच्यापाशी. मला एवढंच सांग, पातेल्यात घोटभर चहा उरलाय का?"